नीरेच्या कालव्याने शिकवलेले

बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डाव्या कालव्याकाठी हिरवागार ऊस दिसतो. पण हा कालवा मुळात उसासाठी नव्हता. १८७६-७८च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात ज्वारी-बाजरी जगावी, म्हणून इंग्रज सरकारने १८८०च्या दशकात तो काढला. त्याला पाणी पुरवायला भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण बांधले. दगड, चुना, उतार, सगळे मोजून झाले. एक गोष्ट मात्र गृहीत धरली गेली : पाणी आले की शेतकरी ते दरवर्षी विकत घेणारच.

शेतकऱ्याचे गणित निराळे होते. पाऊस बरा झाला की ज्वारी येतेच. मग पाणीपट्टी कशाला? चांगल्या वर्षी पाण्याला गिऱ्हाईक नसे, दुष्काळात सगळ्यांनाच ते एकदम हवे असे. पुढे सासवडकडचे माळी शेतकरी आले, त्यांनी ऊस लावला, तेव्हा कालव्याला बारमाही मागणी मिळाली.

दुसरे गृहीतक जमिनीचे. काळी माती पाणी पिते, पण लवकर सोडत नाही. निचऱ्याचा विचार आधी झाला नव्हता. खालचे क्षार वर आले, रान चोपण झाले. १९१० साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरोल्ड मान आणि ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिकाच लिहावी लागली.

कालव्याने या तालुक्यांना भाकरी दिली, हे खरेच. पण बांधावर बसून दोन प्रश्न विचारायला असा किती वेळ लागला असता? पाणी कोणत्या वर्षी घ्याल? आणि मुरलेले पाणी या रानातून जाते कुठे?

नव्या योजनेच्या कागदावर ‘लोक घेतीलच’ असे वाचले, की मला ते पांढरे पडलेले रान आठवते.