जुनी भोजनपात्रे आणि त्यांची नावे

जुन्या व दुर्मिळ भोजनपात्रांचा शोध हा हौशी संग्राहकाचा उद्योग होय, असा समज आहे. भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकानेही तो आपला मानावयास हवा.

या कार्याचा आदर्श पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेला संग्रह, अकाली निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभा राहून, १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला. नित्याच्या वापरातील भांडीही जतन करण्याजोगी आहेत, हे त्यांनी ओळखिले.

तथापि वस्तू हाती आली म्हणजे शोध संपला, असे नव्हे. जिच्यावर ताट ठेवीत ती 'अडणी'. नाव व उपयोग न कळल्यास ती केवळ एक पितळी तिवई ठरते. 'ओगराळे' हे वाढावयाचे पात्र. त्याच्या नावात 'ओगरणे', म्हणजे वाढणे, हे जुने क्रियापद आहे आणि त्याचे नाते कानडीतील अन्नवाचक 'ओगर' शब्दाशी आहे. क्रियापद बोलण्यातून गेले. भांड्याच्या नावात तेवढे राहिले. उलट 'तबक' अरबीतून व 'तस्त' फारसीतून आले. एका पंक्तीच्या सरंजामात महाराष्ट्राचे असे दुहेरी संबंध दिसून येतात.

मोरोपंतांचे (१७२९–१७९४) वास्तव्य लाभलेल्या बारामतीत आज औद्योगिक वसाहत आहे. येथे व शेजारच्या इंदापूर तालुक्यातही, अन्यत्रांप्रमाणेच, स्टेनलेस स्टील आले आणि तांब्यापितळेची भांडी मोडीत निघाली. मोड वजनावर विकली जाते व भट्टीत वितळते. लग्नकार्यात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याघेणाऱ्यांची नावे, क्वचित गाव व तारीखही, घालण्याची चाल होती. हे घरगुती कोरीव लेखच होत; भट्टीत तेही नष्ट होतात.

म्हणून विद्यार्थ्यांनी माळ्यावरचे भांडे पाहताच किंमत विचारू नये. घरातील वृद्धेस त्याचे नाव विचारावे. उच्चार, उपयोग, वजन व कोरलेला मजकूर मूळ लेखनासह टिपावा. मग मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती व दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) पाहावा. तेथे न आढळणारा शब्द हीच खरी दुर्मिळ वस्तू. भांडे एखादे वेळी पुन्हा घडविता येईल. ते वापरणाऱ्या पिढीबरोबर गेलेले नाव परत मिळणार नाही.