रानवाटेच्या शर्यती आणि त्यांतील गुरुशिष्य

मोटारसायकलीचा जन्म रस्त्यासाठीं झाला. रस्ता जितका गुळगुळीत तितका तिचा वेग अधिक, हा साधा हिशेब. परंतु जगांत अशी एक शर्यत आहे कीं, जींत रस्ता मुद्दाम टाळला जातो. टेकडी, वाळू, चिखल आणि खोल चाकोऱ्या यांतून एक वेडीवांकडी फेरी आंखावयाची, तीस-चाळीस स्वारांना एका ओळींत उभें करावयाचें आणि इशारा होतांच त्या सर्वांनीं एकाच अरुंद वळणाकडे धांव घ्यावयाची. तेथून पुढें अर्धा-पाऊण तास मनगटें, मांड्या आणि पाठीचा कणा यांची जी परीक्षा होते ती आखाड्यांतील कोणत्याहि कुस्तीहून हलकी नसते. या खेळास मोटोक्रॉस म्हणतात. ज्या वाहनाला आपल्याकडे लोक फटफटी म्हणत आले, त्याच्याकडून माणसानें रेड्याचें आणि हरणाचें काम एकदमच करून घ्यावें, असा हा प्रकार आहे.

त्याचा उगम इंग्लंडांतला. उत्तरेस यॉर्कशायरमध्यें मोटारसायकलींची एक नामांकित कसोटी होत असे. तींत वेगाइतकेंच कौशल्याला महत्त्व असे; अवघड जागीं पाय जमिनीस टेकला कीं गुण गेले. दक्षिणेकडील हौशी मंडळींनीं कौशल्याचा हा भाग वगळून केवळ 'प्रथम कोण येतो' एवढेंच पाहावयाचें ठरविलें आणि २९ मार्च १९२४ रोजीं सरे परगण्यांत कँबर्लीच्या माळावर शर्यत लाविली. कौशल्याचे गुण काढून टाकल्यावर तिला जुनें कसोटीचें नांव शोभेना, म्हणून तिला 'स्क्रँबल', म्हणजे धडपड किंवा झोंबाझोंबी, असें नांव पडलें. आर्थर स्पार्क्स हा तींत पहिला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ फ्रान्स, बेल्जम, हॉलंड आणि स्वीडन या देशांत झपाट्यानें पसरला. १९४७ सालीं हॉलंडमध्यें वासेनार येथें राष्ट्राराष्ट्रांच्या संघांची पहिली शर्यत झाली व ती ब्रिटिश संघानें जिंकली. १९५२ पासून युरोपचा आणि १९५७ पासून जगाचा विजेता ठरविला जाऊं लागला. पहिलें जगज्जेतेपद स्वीडनच्या बिल निल्सननें मिळविलें. पुढच्या वर्षीं तें बेल्जमच्या रेने बाटेनकडे गेलें. आणि १९६० मध्यें आपल्याच देशांत स्टेकेन येथील शर्यतींत बाटेन मरण पावला. या खेळांतील विजेत्यांच्या यादीशेजारीं दुसरीहि एक यादी पहिल्यापासून चालू आहे, ती अशी.

आरंभींचीं यंत्रें जड असत. ब्रिटिश कारखाने चार ठोक्यांच्या इंजिनावर विसंबून होते आणि जेफ स्मिथनें बी.एस.ए. कंपनीच्या तसल्याच गाडीवर १९६४ व १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें ५०० सी.सी. वर्गाचें पद मिळविलें. परंतु चेकोस्लोव्हाकियाच्या सी.झेड. कारखान्याचीं दोन ठोक्यांचीं हलकीं इंजिनें तोंवर मागें येऊन ठेपलीं होतीं. वजन घटवावयाचें म्हणून बी.एस.ए.नें १९६६ सालीं टायटॅनियम धातूचा सांगाडा केला. धातू हलका खरा, पण सांगाडा तडकूं लागला आणि तो मैदानावर जोडतां येईना. पद पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीड्रिक्सकडे गेलें, व तें त्यानें सी.झेड.वर सलग तीन वर्षें राखलें. ब्रिटिश कारखान्यांचे दिवस तेथेंच सरले. जगाला हा खेळ ज्यांनीं शिकविला त्यांच्यावरच तो प्रथम उलटला.

२५० सी.सी.च्या वर्गांत याच काळीं एक अविस्मरणीय जोडी नांदत होती. स्वीडनचा टॉर्स्टन हॉलमन हा शिस्तीचा, तोलून-मापून चालणारा. तर बेल्जमचा जोएल रोबेर हा खाण्यापिण्याचा आणि थट्टेमस्करीचा शौकी. सरावाचा कंटाळा त्यानें कधीं लपविला नाहीं. १९६४ मध्यें विसाव्या वर्षीं तो जगज्जेता झाला. १९६६ व १९६७ हीं वर्षें हॉलमनचीं, १९६८ पासून पुढचीं पांच वर्षें रोबेरचीं. एकूण सहा पदें आणि पन्नास ग्रांप्री विजय! शिक्षकाच्या दृष्टीनें रोबेर हें फार वाईट उदाहरण होय. कारण ज्याला अभ्यासाची जरूर नाहीं असा विद्यार्थी हजारांत एखादा निघतो आणि उरलेले नऊशें नव्याण्णव त्याचें अनुकरण करूं जातात.

रोबेरचीं शेवटचीं तीन पदें जपानी गाडीवरचीं आहेत. सुझुकी कंपनी १९६५ मध्यें युरोपांत प्रथम उतरली तेव्हां तिची फजिती झाली होती. जपान्यांनीं त्यावर रुसून न बसतां स्वीडनच्या ओले पेटरसनला नोकरीस ठेवलें, त्याच्या हातून यंत्र पारखून घेतलें, चुका मांडल्या आणि पुन्हां यंत्र केलें. मग १९७० मध्यें रोबेर व सिल्वें गेबूर्स हे दोन बेल्जन स्वार त्यावर बसले. एक पहिला आला, दुसरा दुसरा. त्या गाड्या पुढें इतक्या हलक्या झाल्या कीं, १९७३ पासून किमान वजनाचा नियमच करावा लागला. याच सुमारास लीएजच्या ल्यूसिएं टिल्केन्स नांवाच्या एका बेल्जन अभियंत्यानें मागील चाकाच्या दोन स्प्रिंगांऐवजीं बैठकीखालीं एकच लांब स्प्रिंग बसविण्याची युक्ति काढली. सुझुकीनें ती नाकारली, यामाहानें घेतली, आणि १९७३ सालीं हाकान आंडरसननें तिच्याच बळावर पद जिंकलें. जो शिकून मोठा झाला त्यानेंहि एकदां शिकावयाचें नाकारलें कीं काय होतें, हें सुझुकीला त्या वर्षीं कळलें असेल.

याच सुझुकीवर ५०० सी.सी.च्या वर्गांत रॉजर डी कॉस्टर हा पांच वेळां जगज्जेता झाला: १९७१, १९७२, १९७३, १९७५ आणि १९७६. हा ब्रसेल्सजवळचा, १९४४ चा जन्म. रोबेरच्या अगदीं उलट प्रकृतीचा. व्यायाम, आहार, यंत्राची जोडणी, मैदानाची पाहणी, कशांतच त्याची ढिलाई नसे. त्याची गति पाहणाऱ्यास मंद वाटावी इतकी सहज असे. या डी कॉस्टरचें नांव विजेत्यांच्या यादींत आहेच. परंतु त्याची खरी कहाणी यादी संपते तेथें सुरू होते, आणि तिच्यासाठीं अमेरिकेकडे वळलें पाहिजे.

अमेरिकेला १९६० नंतरहि हा खेळ जवळजवळ ठाऊक नव्हता. तेथील शर्यती सपाट मातीच्या वर्तुळांत नाहींतर वाळवंटांत होत. एडिसन डाय नांवाचा कॅलिफोर्नियांतील गृहस्थ स्वीडनच्या हुस्क्वार्ना गाड्या विकत असे. गाड्या खपाव्यात या व्यापारी हेतूनें त्यानें १९६६ सालीं हॉलमनला बोलावून आणलें. एक मनुष्य उड्या मारीत, उभ्याउभ्या गाडी हांकीत, सर्वांना मागें टाकून जातो हें पाहून तेथील तरुणांचे डोळे विस्फारले. पुढच्या वर्षापासून डाय दर हिवाळ्यास युरोपचे स्वार नेऊं लागला. रोबेर आला, डी कॉस्टर आला. अमेरिकन पोरें हरत आणि हरतां हरतां बघत. १९७२ सालीं लॉस एंजेलिसच्या क्रीडामंदिरांत कृत्रिम टेंकाडें रचून जी शर्यत झाली ती मार्टी ट्रिप्स या सोळा वर्षांच्या मुलानें जिंकली. १९७३ मध्यें जिम पॉमरॉयनें स्पेनमध्यें ग्रांप्री जिंकली. असा विजय मिळविणारा तो पहिला अमेरिकन. तरीहि राष्ट्रसंघांच्या शर्यतींत अमेरिका वर्षानुवर्षें हात हालवीत परत येई.

१९८१ सालीं तर संघ जाईल कीं नाहीं याचीच शंका होती. नामांकित स्वार गेले नाहींत. शेवटीं डॉनी हॅन्सन, डॅनी लापोर्ट, जॉनी ओमारा आणि चक सन हे होंडाचे चौघे निघाले. युरोपांत त्यांची दुय्यम संघ म्हणून हेटाळणी झाली. त्यांच्याबरोबर व्यवस्थापक म्हणून होता रॉजर डी कॉस्टर. १९८० च्या अखेरीस लक्झेंबुर्गची ग्रांप्री जिंकून त्यानें स्वारी सोडली होती.

पहिला सामना कोठें, तर बेल्जममध्यें, लोम्मेलच्या वाळूंत. ही वाळू बेल्जन स्वारांची माजघरासारखी. तेथें परकी माणसें चाकें रुतून बसत. त्या वाळूंत डी कॉस्टरनें आपल्या चार पोरांना आपल्याच देशाविरुद्ध उतरविलें, आणि तीं जिंकलीं. आठवड्यानें जर्मनींत बीलश्टाइन येथें मुख्य शर्यत झाली. तीहि त्यांनींच जिंकली. जिनें ज्यास घडविलें त्याच भूमीचा पराभव त्याच्या हातून व्हावा हा योग फार थोड्या गुरूंच्या वांट्यास येतो, आणि तो सुखाचाच असतो असें नाहीं. परंतु त्यानें विद्या राखून ठेवली नाहीं हें खरें.

त्यानंतर १९९३ पर्यंत, म्हणजे लागोपाठ तेरा वर्षें, तो चषक अमेरिकेबाहेर गेला नाहीं. १९८६ मध्यें इटलींत माज्जोरा येथें ओमारानें १२५ सी.सी.च्या लहान गाडीवरून डेव्हिड थॉर्पला मागें टाकलें. थॉर्प तेव्हां ५०० सी.सी.चा जगज्जेता होता आणि त्याच्या गाडीचें इंजिन चौपट मोठें होतें. तट्टानें अरबी घोडा मागें टाकावा तसें तें दृश्य.

या विजयांची दुसरी बाजू मात्र पुष्कळदां सांगावयाची राहते. डॉनी हॅन्सन १९८२ मध्यें अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ स्वार ठरला आणि त्याच वर्षीं राष्ट्रसंघाच्या शर्यतीपूर्वीं जर्मनींत सराव करतां करतां पडला. डोक्यास झालेल्या इजेनें त्याची कारकीर्द संपली. त्याच वर्षीं डॅनी चँडलर यानें दोन्ही सामन्यांतील चारहि फेऱ्या जिंकून विक्रम केला. १९८५ सालीं पॅरिसमधील अपघातानें तो पांगळा झाला. माज्जोराच्या संघांतील डेव्हिड बेली १९८७ च्या जानेवारींत सरावांत पडला आणि त्याचे पाय कायमचे गेले. बेलीनें पुढें हातांनीं चालविण्याच्या चाकाच्या खुर्चीवर तपश्चर्या केली व २००० सालीं हवाई बेटावरील पोहणें, सायकल आणि धांवणें यांच्या प्रसिद्ध शर्यतींत आपला वर्ग जिंकला. हीं सर्व माणसें तेव्हां पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे होतीं. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरीं जातात. हिशेब स्वाराकडे उरतो.

बेल्जम मात्र विद्या देऊन दरिद्री झाला नाहीं. आरी एव्हर्ट्स हा स्वतः चार वेळां जगज्जेता. त्याचा मुलगा स्टेफान यानें १९९१ ते २००६ या काळांत दहा पदें मिळवून रोबेर व डी कॉस्टर या दोघांचेहि आंकडे ओलांडले. बापानें घरींच शिकविलेला मुलगा तो. आणि डी कॉस्टर? तो अमेरिकेंतच राहिला, एकामागून एक कारखान्यांच्या संघांचा व्यवस्थापक झाला, आणि तरुण स्वारांच्या पिढ्या त्याच्या हाताखालून गेल्या. पुढें २०११ नंतर दहा वर्षें अमेरिकेच्या संघास तो चषक मिळाला नाहीं. २०२२ च्या सप्टेंबरांत मिशिगन राज्यांतील रेडबड येथें पाऊस आणि चिखल यांत ईलाय टोमॅक, चेस सेक्स्टन आणि जस्टिन कूपर या तिघांनीं तो चषक परत मिळविला, तेव्हां संघाचा व्यवस्थापक म्हणून कडेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा डी कॉस्टर उभा होता.