मुलगा आपला, मुलगी त्यांची : अब्दुल हलीम शरर यांच्या प्रेमकथा

आमच्या घरी अब्बांच्या लोखंडी पेटीत एक जुनं उर्दू पुस्तक होतं. मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेलं आणि शेवटची पानं दोऱ्याने शिवलेली. अब्दुल हलीम शरर यांची 'फिरदौस-ए-बरीं'. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी ती दोन दुपारींत वाचून संपवली. मग शररच्या मिळतील तेवढ्या कादंबऱ्या वाचल्या. तलवारी, किल्ले, वाळवंट आणि त्यात अडकलेले दोन जीव. त्या वयात आणखी काय हवं असतं?

आता मी शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. मागच्या वर्षी नववीच्या वर्गात उर्दू कादंबरीचा इतिहास सांगताना मी शररच्या कादंबऱ्यांची नावं फळ्यावर लिहिली. 'मलिकुल अझीझ वर्जिना', 'हसन आंजेलिना', 'मन्सूर मोहना'. प्रत्येक नावात एक नायक आणि एक नायिका. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, प्रत्येक वेळी मुलगा आपला आणि मुलगी त्यांचीच का?"

वर्ग हसला, मीही हसले. पण उत्तर मात्र देता आलं नाही. "पुढच्या तासाला सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. तीस वर्षांपासून मी या कादंबऱ्या वाचत आले आहे आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर.

शरर यांचा जन्म १८६० सालचा, लखनौचा. त्याच्या चार वर्षं आधी इंग्रजांनी अवध खालसा केलं होतं आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटिया बुर्जमध्ये जाऊन राहिले होते. शररचे वडील त्यांच्याकडे नोकरीला होते, म्हणून शररचं लहानपण तिथे गेलं. राज्य गेलेल्या राजाने हुगळीच्या काठी उभं केलेलं ते छोटंसं लखनौ होतं. तिथे महाल होते, गवई होते, शायर होते, राजाचं प्राणिसंग्रहालयही होतं. फक्त सत्ता नव्हती. ज्या मुलाने सारं वैभव असं नंतरच्या आठवणीसारखं पाहिलं, तो मोठेपणी ऐतिहासिक कादंबरीकडे वळला यात नवल वाटत नाही.

पुढे लखनौला परतून शररने 'अवध अखबार'मध्ये काम केलं. बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'चं उर्दू भाषांतर केलं. १८८७ साली स्वतःचं मासिक काढलं, 'दिलगुदाज'. दिलगुदाज म्हणजे हृदय वितळवणारं. त्याच वर्षी तिकडे मटिया बुर्जमध्ये वाजिद अली शाह वारले.

शररच्या लेखणीला वळण लागलं ते एका रागातून. सर वॉल्टर स्कॉटची 'द टॅलिस्मन' ही १८२५ सालची इंग्रजी कादंबरी त्यांच्या वाचनात आली. तिसऱ्या क्रुसेडची, म्हणजे सुलतान सलाहुद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्या झुंजीची ही गोष्ट. खरं तर स्कॉटने सलाहुद्दीनला बराच मोठेपणा दिला आहे. आजारी रिचर्डला बरं करायला तो हकिमाच्या वेशात शत्रूच्या छावणीत जातो. तरीही त्याच कादंबरीत त्याच्या कुळाचा उगम सैतानी जिनांपर्यंत नेला आहे आणि इस्लामबद्दल जागोजागी तुच्छतेचा सूर आहे. सलाहुद्दीन रिचर्डच्या नात्यातल्या एडिथला मागणी घालतो आणि एडिथ त्याला नाकारते. तिला हवा असतो स्कॉटलंडचा नाइट. सुलतान शूर, उदार, सगळं खरं. पण नवरा म्हणून? छे.

हे शररला लागलं. १८८८ साली 'दिलगुदाज'मधून त्यांनी उत्तर दिलं, 'मलिकुल अझीझ वर्जिना'. युद्ध तेच, सुलतान तोच. नायक सलाहुद्दीनचा मुलगा अझीझ आणि नायिका रिचर्डच्या बाजूची वर्जिना. स्कॉटच्या कादंबरीत जी बाप्याला नाही म्हणाली, तिच्या जागी इथली नायिका मुलाला हो म्हणते. लढाई रणांगणावर झाली तेवढीच, पण तिचा निकाल आता एका मुलीच्या मनात लागला.

गंमत अशी की खरा इतिहास या दोघांपेक्षा रंगतदार आहे. ११९१ साली रिचर्डने आपली बहीण जोन हिचं लग्न सलाहुद्दीनचा भाऊ अल्-आदिल याच्याशी लावून द्यायचा प्रस्ताव मांडला होता. दोघांनी मिळून जेरुसलेमवर राज्य करावं, म्हणजे तंटा मिटेल, अशी ती कल्पना. सलाहुद्दीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीन इब्न शद्दादने हे लिहून ठेवलं आहे. त्यातून निष्पन्न काहीच झालं नाही. पण त्या प्रस्तावातही वधूला कुणी आधी विचारलं नव्हतं.

स्कॉट, शरर आणि रिचर्ड या तिघांच्याही हिशेबात मुलगी म्हणजे पारडं जड करणारं वजन. ती ज्याच्याकडे जाईल तो जिंकला.

आता त्या मुलीचा प्रश्न पुन्हा पाहू. शररची ऐतिहासिक कादंबरीबद्दलची भूमिका त्यांच्या कामातून स्पष्ट दिसते. १८५७ नंतर खचलेल्या मुसलमानांना त्यांचा पराक्रम आठवून द्यायचा होता. कोरडा इतिहास कोण वाचणार? म्हणून प्रेमकथेच्या गोडीतून तो पाजायचा. त्यांनी ते इतकं सफाईने केलं की घराघरांत लोक मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट पाहू लागले. पण या कृतीत प्रेमाला एकच काम उरलं. समोरच्या बाजूची सुंदर, हुशार मुलगी आपल्या नायकावर भाळते, म्हणजे आपण श्रेष्ठ. उलटा प्रवास मात्र होऊ शकत नाही. आपली मुलगी त्यांच्या नायकावर भाळली तर ती प्रेमकथा राहत नाही, ती बेअब्रू होते. म्हणून नायिका कायम त्यांची.

हे फक्त उर्दूत झालं असं समजू नका. मी मराठीही शिकवते, म्हणून दोन्ही घरांतली भांडी मला माहीत आहेत. मराठीत गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ची. मग हरि नारायण आपटे आले, शररपेक्षा चार वर्षांनी लहान. शररने 'दिलगुदाज' काढलं आणि तीन वर्षांनी, १८९० साली, आपट्यांचं 'करमणूक' सुरू झालं. दोघेही आपापल्या नियतकालिकातून हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहीत होते. दोघांवर स्कॉटची छाया होती. दोघांच्याही समाजाचं राज्य गेलेलं होतं आणि दोघेही ते कागदावर परत मिळवत होते. शररच्या 'फ्लोरा फ्लोरिंडा'त वाईट नजरेचे पाद्री आहेत, तर मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या परंपरेत वाईट नजरेचा यवन सरदार ठरलेलाच. माझ्या वर्गातली मुलं सकाळी एका पुस्तकात नायक असतात आणि दुपारी दुसऱ्या पुस्तकात खलनायक. त्यांना त्याची सवय झाली आहे. मला अजून झालेली नाही.

आपटे आणि शररमध्ये आणखी एक साम्य आहे आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. भूतकाळात पराक्रम पाहणारी ही माणसं वर्तमानात पाहायची तेव्हा त्यांना घरातली बाई दिसायची. आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो!' लिहिली. शररने १९०० साली 'पर्दा-ए-अस्मत' नावाचं नियतकालिक काढलं आणि त्यातून पडद्याच्या रूढीवर टीका केली. पडद्यापायी एका नववधूवर ओढवलेल्या आपत्तीची 'बद्रुन्निसा की मुसीबत' ही कादंबरीही लिहिली. इमाम हुसैन यांच्या कन्या सकीना यांचं चरित्र लिहिलं, तेव्हा हैदराबादेत मोठं वादळ उठलं. अरबस्तानातली त्या काळची ही विदुषी शायरांशी चर्चा करत होती, हे काहींना ऐकवलं नाही. म्हणजे शररला ठाऊक होतं की जिथे बाईला कुणी पाहू शकत नाही आणि बाई कुणाला पाहू शकत नाही, तिथे प्रेम होणार कुठून? आपल्या कादंबऱ्यांसाठी ते नायिका परक्या देशांतून आणत होते, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं. वर्जिना तंबूबाहेर येऊ शकत होती. लखनौची बद्रुन्निसा दाराबाहेर येऊ शकत नव्हती.

म्हणूनच 'फिरदौस-ए-बरीं' वेगळी. १८९९ची ही कादंबरी शररची सर्वोत्तम मानली जाते आणि इथे मुलगा आणि मुलगी दोघंही आपलीच आहेत. हुसैन आणि झमुर्रुद हजला निघालेले. वाटेत डोंगरात तिच्या भावाची कबर पाहायला जातात आणि ती नाहीशी होते. हुसैनला वाटतं ती मेली. मग तिच्या हस्ताक्षरात पत्रं येऊ लागतात, थेट स्वर्गातून! तिच्या भेटीच्या आशेवर हुसैन शेख अली वजूदीच्या हातातलं बाहुलं होतो. शेख सांगेल ते खरं, शेख सांगेल ते पुण्य. शेवटी तो आपल्याच वडीलधाऱ्या उस्तादाचा खून करतो. बक्षीस म्हणून त्याला 'स्वर्ग' दाखवला जातो. तो स्वर्ग म्हणजे अलमूतच्या डोंगरातली कारंजी आणि कोरलेल्या महालांची बाग. झमुर्रुद जिवंत असते, कैदेत. पत्रं तिच्याकडून लिहवून घेतलेली असतात.

इथे शररने स्वतःचीच कृती उलटी केली. प्रेमाच्या गोडीतून माणसाला काहीही पाजता येतं, अगदी खूनसुद्धा, हे त्यांनी दाखवलं. हे ते अकरा वर्षं स्वतः करत नव्हते का? आणि सगळ्या कटातून वाट काढते ती झमुर्रुद. आंधळा झालेला हुसैन डोळे मिटून चालतो आणि डोळे उघडे ठेवते कैदेतली मुलगी. कुणाचं पारडं जड करण्यासाठी ती इथे नाही. पंधराव्या वर्षी मला ही कादंबरी का आवडली ते आता कळतं.

पण याच कादंबरीचा एक हिशेब बाकी आहे. अलमूतचे ते लोक म्हणजे निझारी इस्माइली. नकली स्वर्ग, नशा पाजून तयार केलेले मारेकरी, या कहाण्या त्यांच्या शत्रूंनी रचल्या, मार्को पोलोसारख्या प्रवाशांनी युरोपभर नेल्या आणि आजचे इतिहासकार त्यांना दंतकथा मानतात. १२५६ साली हुलागूच्या मंगोल फौजेने अलमूत घेतलं तेव्हा तिथलं नामांकित ग्रंथालयही गेलं. त्यामुळे त्यांची बाजू सांगणारं फारसं उरलं नाही. शररने शत्रूंनी सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी उचलली. त्या वेळी त्याच पंथाचे हजारो लोक मुंबईत शांतपणे व्यापार करत होते आणि त्यांचे पहिले आगाखान माझगावच्या हसनाबादेत चिरनिद्रा घेत होते. त्यांच्यातल्या एखाद्या उर्दू वाचणाऱ्या पोराने ही कादंबरी उघडली असेल, तर त्याला नेमकं तेच वाटलं असेल जे 'टॅलिस्मन' वाचून शररला वाटलं होतं. स्कॉटने दिलेली जखम शररने पुढे दुसऱ्याला दिली. बहुतेक त्यांना ते जाणवलंही नसेल. जखमी माणसाचं लक्ष स्वतःच्या जखमेवरच असतं.

शररच्या डझनावारी प्रेमकथा आज कपाटात पडून आहेत. १९२६ साली ते गेले, त्यानंतर वाचकांची चव बदलली. जिवंत राहिलं ते एक पुस्तक, ज्यात नायकही नाही आणि नायिकाही नाही. 'गुज़िश्ता लखनौ'. १९१३ पासून 'दिलगुदाज'मध्ये ते लेखमालेसारखं येत होतं. लखनौचे आचारी, पतंगबाज, कबुतरबाज, गवई, शालू, चिकन, पान, सलाम करायच्या रीती, सगळं त्यात आहे. पुलावाचे प्रकार सांगताना शरर जितके रंगतात तितके वर्जिनाचं रूप सांगतानाही रंगत नाहीत. या पुस्तकात कुणाला हरवायचं नाही. एका माणसाचं एका शहरावर प्रेम आहे आणि ते शहर हातातून निसटतं आहे, एवढंच. मला विचाराल तर शररची खरी प्रेमकथा हीच.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला काय सांगितलं? सांगितलं की बेटा, शररचा अपमान झाला होता, म्हणून त्यांनी अशी गोष्ट लिहिली ज्यात आपण जिंकतो. अपमान खरा होता. पण जिंकण्यासाठी लिहिलेल्या गोष्टीत मुलीला मन असून चालत नाही, कारण ती हो म्हणणार हे लेखकाने आधीच ठरवलेलं असतं. ज्या गोष्टीत ती नाही म्हणू शकते, ती प्रेमाची गोष्ट.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "टीचर, मग ती झमुर्रुदवाली द्या ना वाचायला."

दुसऱ्या दिवशी मी अब्बांचं ते दोऱ्याने शिवलेलं पुस्तक वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून तिला दिलं. देताना इस्माइलींबद्दलही सांगितलं. दोन्ही गोष्टी एकत्रच द्यायच्या असतात.