कसून व्यायाम आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस : खेळाडू आणि नवखे यांच्यात फरक काय?

साकीनाक्यात खैरानी रोडच्या आसपास आपली अनेक मुलं दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबतात आणि रात्री जिम गाठतात. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या पहिलवानाइतकं वजन उचलायची घाई असते. म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय?
आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन वापरून पेशी ऊर्जा तयार करतात. त्यात फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर कणही तयार होतात. कसून व्यायाम केला की स्नायूंत त्यांचं प्रमाण वाढतं. शरीराकडे त्यांना आवरणारी यंत्रणा असते : सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन वगैरे. कण जास्त आणि यंत्रणा अपुरी पडली, की पेशींना इजा होऊ लागते. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

फरक कुठे पडतो?
नियमित सरावाने ही यंत्रणा हळूहळू बळकट होते. त्यामुळे तेवढाच व्यायाम खेळाडूला पेलतो, पण नवख्याला जड जातो. अर्थात खेळाडूही सुटत नाही. मॅरेथॉनसारख्या दमवणाऱ्या शर्यतीनंतर त्याच्याही रक्तात या ताणाच्या खुणा वाढलेल्या दिसतात.

मग गोळ्या घ्यायच्या का?
थोडा ताण शरीराला उपयोगी असतो, त्यातूनच ते तयार होतं. जर्मनीतल्या येना विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये सराव असलेल्या आणि नसलेल्या तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांना तो फायदा मिळाला नाही. तेव्हा डब्यावरची जाहिरात वाचून पैसे घालवण्याआधी विचार करा. पेरू, आवळा, डाळिंब, पालेभाज्या, डाळी रोजच्या जेवणात असू द्या.

काय सांभाळावं?
- वजन आणि वेळ हळूहळू वाढवा. मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवा, झोप पुरी घ्या.
- रोजा असताना घाम गाळणारा व्यायाम टाळा. इफ्तारनंतर पाणी पिऊन, थोड्या वेळाने करा.
- व्यायामानंतर स्नायू खूप दुखले, सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. स्नायू तुटून मूत्रपिंडाला धोका झाल्याची ती खूण असू शकते.
- मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्यायाम सोडू नका, एवढंच आमचं सांगणं. फक्त शरीराला तयार व्हायला वेळ द्या.