तुकड्याच्या रिपोर्टमागचा इतिहास

मंडळी, सोनाळ्यासारख्या गावात एखाद्या बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा तपासायला जातो, तेव्हा घरात एकच प्रश्न असतो : कॅन्सर निघाला का? रिपोर्टात फक्त ‘सीआयएन’ आणि पुढे आकडा असेल, तर तो कॅन्सर नव्हे, कॅन्सरपूर्व बिघाड आहे. हा फरक आपल्याला कसा कळला, ते आज पाहू.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट राल्फ रिचर्ट यांनी ही संज्ञा रूढ केली. अस्तराचा तळाकडचा एक तृतीयांश भाग बिघडला तर १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याच्या वर ३. तिन्हींत बिघडलेल्या पेशी अस्तराखालचा पडदा ओलांडत नाहीत. ओलांडला, की तो कॅन्सर.

पण ३ तसाच सोडला तर? याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या बायकांनी भोगून दिलं. ऑकलंडच्या एका सरकारी रुग्णालयात १९६६ पासून काही जणींवर पुरते उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली, तीही त्यांना न सांगता. १९८८ मध्ये चौकशीचा अहवाल आला. पुढच्या अभ्यासात दिसलं, की नीट उपचार न मिळालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला.

आता आपल्याकडे येऊ. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. तपासणीत दोष दिसला की दुर्बिणीतून पाहून तुकडा घ्यायचा आणि कॅन्सरपूर्व बिघाड निघाला तर उपचार करायचे. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. तपासणी न केलेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही, हा सवाल पुढे उठला, आणि तो रास्तच होता.

म्हणून हा कागद कपाटात ठेवू नये. १ असेल तर बहुतेकदा आपोआप निवळतो, पण फेरतपासणीची तारीख चुकवायची नाही. २ किंवा ३ असेल तर साधारणपणे छोटा उपचार लागतो. या कागदातलं शहाणपण बायकांच्या जिवावर मिळालंय. ते वाया घालवण्याचा हक्क आपल्याला नाही.