रक्तातील क्षारांचा जमाखर्च



वसंतातील व्याख्यानांत इतिहासाचा विषय निघाला की गडकोट, संतपरंपरा किंवा हैदराबादचा मुक्तिसंग्राम ह्यांची आठवण व्हावी हे आपल्या मराठवाड्यात साहजिकच आहे. आज आम्ही मांडणार आहो तो इतिहास मात्र निराळा आहे. त्यात तलवार नाही, तह नाही. तरीही जय-पराजय आहेत आणि माणसांचे प्राण पणाला लागलेले आहेत. गोरेगावसारख्या ठिकाणीही 'डायालिसिस' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस आठवड्यातून दोन-तीन वेळा पहाटे उठून वाहन गाठतो, चार तास यंत्राला जोडलेला राहतो आणि दिवस कलता घरी येतो. घरची माणसे म्हणतात, "रक्त धुऊन आणले." ह्या 'धुणे' शब्दातच एक मोठा गैरसमज दडलेला आहे. तो वैद्यकशास्त्राचाही एके काळी होता, आणि तो कसा दूर झाला हेच आम्हांस सांगावयाचे आहे.

मूत्रपिंड हे केवळ गाळणे नव्हे. तो शरीराचा दिवाणजी आहे. रक्तात पोटॅशियम किती ठेवावे, फॉस्फरस किती बाहेर टाकावा, कॅल्शियम कोठून आणावे, ह्याची खतावणी तो अहोरात्र लिहीत असतो. दिवाणजी गेला आणि आपण केवळ झाडलोट करणारा गडी ठेवला, तर वाडा स्वच्छ दिसेल, पण जमाखर्च कोण पाहणार?

प्रारंभी मात्र सर्वांचे लक्ष झाडलोटीकडेच होते. १८६१ साली टॉमस ग्रॅहॅम ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पातळ पडद्यातून क्षार पलीकडे जातात आणि मोठे कण अलीकडेच राहतात हे दाखवून ह्या क्रियेस 'डायालिसिस' हे नाव दिले. १९१३ साली अमेरिकेत जॉन एबल व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर हा प्रयोग केला. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेला अर्क वापरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधील कांपेन गावी, विलेम कोल्फ ह्या तरुण डॉक्टराने १९४३ साली लाकडी पिंप आणि सेलोफेनच्या नळ्या ह्यांतून यंत्र उभे केले. त्याचे पहिले बहुतेक रोगी वाचले नाहीत. १९४५ साली सदुसष्ट वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली, तेव्हा हा मार्ग खरा आहे हे जगास पटले. १९६० साली सिअ‍ॅटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर ह्यांनी हाताच्या धमनीस व शिरेस जोडून ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी वापरात आणली. तोवर प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. आता वर्षानुवर्षे उपचार करता येऊ लागले. स्क्रिबनर ह्यांचा पहिला रोगी दहा वर्षांहून अधिक जगला.

येथेच खरा प्रश्न उभा राहिला. आठवडाभर जगणाऱ्यास जमाखर्चाची चूक बाधत नाही. दहा वर्षे जगणाऱ्यास ती मारते.

पहिली चूक पाण्याची. आपण आठवड्यात फार तर पंधरा-वीस लिटर पाणी पितो, आणि त्यातले काय आत घ्यावे हे आतडे ठरवते. डायालिसिसच्या रोग्याचे रक्त मात्र एकाच खेपेस सुमारे १२० लिटर पाण्याशी पातळ पडद्याआडून भिडते. आपल्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी किती जड असते, डाळ किती उशिरा शिजते आणि हंड्याच्या तळाशी पांढरा थर कसा बसतो, हे गोरेगावच्या गृहिणींस आम्ही सांगावे असे नाही. तो थर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम. पाणी मृदू करणारे यंत्र बिघडले की हेच क्षार रोग्याच्या रक्तात शिरतात. मळमळ, ओकारी, विलक्षण अशक्तपणा येतो, रक्तदाब चढतो. १९६७ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी ह्या विकाराचे वर्णन केले आणि त्यास 'जड पाण्याचा विकार' असेच नाव पडले.

दुसरी चूक अधिक घातक होती. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि नगरांच्या पाणीपुरवठ्यातही तुरटीच वापरतात. तुरटीत अॅल्युमिनियम असते. निरोगी माणसाच्या आतड्यातून ते फारच थोडे आत जाते, आणि गेलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. डायालिसिसच्या रोग्यास ही दोन्ही कवाडे नाहीत. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे काही रोग्यांची वाचा अडखळू लागली, हातपाय झटके देऊ लागले, स्मृती गेली. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे रोग्यांची हाडे मऊ होऊन मोडू लागली. १९७६ साली डेन्व्हरच्या आल्फ्रे व सहकाऱ्यांनी मृतांच्या मेंदूत अॅल्युमिनियम साठलेले दाखविले. पाणी सूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळून क्षारविरहित करण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा हा रोग ओसरला.

तिसरी चूक औषधाची, आणि ती सद्हेतूने झालेली. अन्नातून रोज सुमारे एक ग्रॅम फॉस्फरस पोटात जातो. त्यातला निम्म्याहून अधिक रक्तात उतरतो, म्हणजे आठवड्यास चार ग्रॅमच्या आसपास. यंत्र एका खेपेस ढोबळमानाने पाऊण ते एक ग्रॅम काढते. तीन खेपांतही हिशेब जुळत नाही, आणि दोनच खेपा झाल्या तर तूट उघडच आहे. साठलेला फॉस्फरस कॅल्शियमला ओढतो. शिवाय जीवनसत्त्व ड ह्याचे कार्यक्षम रूप मूत्रपिंडातच तयार होते, हे १९७० साली केंब्रिजच्या फ्रेझर व कोडिचेक ह्यांनी दाखविले; मूत्रपिंड गेले की तेही गेले. मग मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी धावून येतात आणि हाडांच्या पेढीतून कॅल्शियम उचलू लागतात. शरीरातील नव्याण्णव टक्के कॅल्शियम ह्याच पेढीत आहे; पण रोज उचल होत राहिली तर कोणती पेढी टिकेल?

फॉस्फरस आतड्यातच अडवावा म्हणून आधी अॅल्युमिनियमची औषधे दिली गेली. त्यांनीही मेंदू व हाडे बिघडविली. १९८० नंतर त्यांच्या जागी कॅल्शियमची औषधे आली. पण २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डायालिसिसवरील ऐन तरुणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतही चुना साठलेला आढळला. पुढे कॅल्शियम वा अॅल्युमिनियम नसलेली औषधेही निघाली. २००६ साली हाडे, रक्तातील क्षार आणि रक्तवाहिन्या ह्यांचा बिघाड हा एकच रोग आहे असे मानून त्यास एक नाव देण्यात आले. दिवाणजीचे दप्तर एकच होते, हे कळावयास इतकी वर्षे लागली.

महाराष्ट्राचा ह्या इतिहासाशी संबंध आहे. १९७५ सालच्या आणीबाणीत कैदेत असताना जयप्रकाश नारायण ह्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचे डायालिसिस झाले, आणि त्या आधारावर ते १९७९ सालापर्यंत जगले. त्यांच्या यंत्रासाठी सामान्य लोकांनी लहान लहान देणग्या दिल्या. त्या वेळी जे थोरामोठ्यांसही दुर्मिळ होते, ते जिल्हा रुग्णालयांतून गरिबास विनामूल्य मिळावे म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली राष्ट्रीय डायालिसिस कार्यक्रम जाहीर केला. ही प्रगती लहान नव्हे.

परंतु यंत्र जवळ आले म्हणजे हिशेब आपोआप जुळला असे नव्हे. दोन खेपांच्या मधले दिवस रोगी आपल्या घरात काढतो, आणि तेथे वही आपल्या हाती असते. आजाऱ्यास भेटावयास जाताना आपण प्रेमाने शहाळे नेतो. त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि रक्तात ते वाढले की हृदय कसलीही सूचना न देता थांबू शकते. 'कमी सोडियमचे' म्हणून विकले जाणारे मीठ बहुधा पोटॅशियमचेच असते. भाजी चिरून, उकळून, ते पाणी टाकून दिले तर पोटॅशियम पुष्कळ कमी होते. फॉस्फरसची गोळी जेवणाबरोबरच घ्यावयाची. रिकाम्या पोटी ती जवळजवळ व्यर्थ. सोयाबीनच्या सुगीत 'एक खेप चुकली तर काय बिघडते' असे वाटते. बिघडते ते हेच. डाळ-दूध किती घ्यावे हे मात्र डॉक्टरांकडून रक्ततपासणी पाहूनच ठरवावे, कारण प्रथिने तोडली तर माणूस अशक्तपणानेच जातो.

ह्या इतिहासातील प्रत्येक चूक उघडकीस आली ती कोणीतरी पाणी तपासले, हाड पाहिले, आकडे मांडले म्हणून. जे डेन्व्हरच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेत केले, तेच थोड्या प्रमाणात गोरेगावच्या स्वयंपाकघरात करता येते. यंत्र रक्त धुते. जमाखर्च माणसांनीच सांभाळावयाचा असतो. आपल्या शेजारी जो कोणी पहाटे त्या वाटेने निघतो, त्याची ही वही सांभाळण्यास आपण हातभार लावावा, एवढीच आमची विनंती आहे.