तार आणि लघुसंदेश

गोंदिया शहरास लागून असलेल्या फुलचूर गांवीं धानाच्या रोवणीचे दिवस आले म्हणजे बांधावरचा शेतकरी मधूनच खिशांतून मोबाइल काढतो, त्यावरील चार ओळी वाचतो व पुन्हां कामास लागतो. हें दृश्य आतां इतकें नित्याचें झालें आहे कीं, त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. तथापि ह्या चार ओळींमागें मोठा इतिहास आहे.

अल्पाक्षरी संदेश ही यंत्रयुगाची निर्मिति नव्हे. पानिपतच्या प्रलयाची वार्ता जानेवारी १७६१ मध्यें नानासाहेब पेशव्यांस कळली ती एका सावकारी पत्रावरून. मोत्यें, मोहरा आणि मोजदाद नसलेला खुर्दा ह्यांच्या भाषेंत लिहिलेलें तें वृत्त कोणा महाराष्ट्रीयास ठाऊक नाहीं? तेथें संक्षेप होता तो गुप्ततेसाठीं. पुढें तो काटकसरीसाठीं आला.

डॉ. विल्यम ओशॉनेसी ह्यांनीं १८३९ सालीं कलकत्त्यास विद्युत्तारेचे प्रयोग केले. १८५५ सालीं तार सर्वसामान्य लोकांस खुली झाली. शब्दागणिक दाम पडत असल्यानें लोक शब्द जपून वापरूं लागले. परंतु ह्या सोयींत एक मोठें वैगुण्य होतें. तारेची लिपि रोमन व भाषा बहुधा इंग्रजी. देवनागरी तारा सुरू होण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत खेड्यांत तार आली कीं, ती घेऊन इंग्रजी जाणणाराच्या दारीं धांवावें लागे. ज्याचें दुःख, त्याच्या आधीं तें परक्यास कळे!

मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरांची असावी, हें १९८५ सालीं फ्रीडहेल्म हिलेब्रांट ह्या जर्मन तंत्रज्ञानें ठरविलें. ३ डिसेंबर १९९२ रोजीं नील पॅपवर्थ ह्यानें इंग्लंडांत पहिला संदेश धाडला. तो नाताळच्या शुभेच्छांचा होता. हिंदुस्थानांत मोबाइल १९९५ सालीं आला. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत पामपायलट हें तळहातावर मावणारें टिपणयंत्र विक्रीस निघालें. रोजनिशी, पत्ते व कामांची यादी त्यांत राही. कालांतरानें हीं दोन्ही यंत्रें एकाच पेटींत सामावलीं.

लघुसंदेशाची उपयुक्तता उघड आहे. घेणारा त्या क्षणीं मोकळा असावा लागत नाहीं. बोललेला शब्द विरून जातो, पण लिहिलेला भाव किंवा रक्कम पुन्हां ताडून पाहतां येते. पण येथेंही जुनेंच वैगुण्य नव्या वेषांत आलें. देवनागरींत संदेश लिहिला तर एका संदेशांत ७० चिन्हेंच मावतात, आणि काना, मात्रा, हलन्त हीं सारीं त्यांत निराळीं मोजलीं जातात. ‘क्षेत्र’ हीं दोन अक्षरें तेथें सात भरतात! साहजिकच पुष्कळांनीं मराठी रोमन लिपींत कोंबून लिहिण्यास प्रारंभ केला.

त्याचा परिणाम मीं घरींच पाहिला. माझ्या आईचें शिक्षण मराठी शाळेंतलें; वृत्तपत्र ती अथपासून इतिपर्यंत वाची. परंतु पेढीकडून रोमन अक्षरांत संदेश आला कीं, यंत्र माझ्यापुढें धरून विचारी, “काय लिहिलंय रे?” पैसा तिचा, हिशेब तिचा, आणि वाचणार मात्र मुलगा. जुन्या काळच्या तार वाचून दाखविणाराची भूमिका अशी नकळत माझ्याकडे आली होती.

तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. तिच्यासाठीं हळहळणारे पुष्कळ निघाले, आणि तें स्वाभाविकही होतें. परंतु दुसऱ्याच दिवशीं, १६ जुलैस, शेतकऱ्यांस त्यांच्या भाषेंत संदेश धाडणाऱ्या एम-किसान ह्या सरकारी योजनेचें उद्घाटन झालें, ह्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. माझ्या मतें इतिहासाचें खरें वळण तेथें आहे. संदेश किती वेगानें आला, ह्यापेक्षां तो ज्याचा त्यास दुसऱ्याच्या साहाय्यावांचून वाचतां आला कीं नाहीं, हीच त्याच्या उपयुक्ततेची कसोटी होय. बांधावरच्या त्या शेतकऱ्यास दुसऱ्याच्या दारीं धांवावें लागत नाहीं, हें थोडें नव्हे.